डिकीला बांधलेली दोरी

आमच्या घरात चार माणसं जेवायला बसली आणि मटणाचं पातेलं फिरायला लागलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "मामीच्या हातचं न्हाय न्हवं?" मग सगळे हसतात. नव्या सुनेला, नव्या जावयाला कळत नाही, म्हणून त्यांना सगळी गोष्ट सांगितली जाते. माझ्या मेहुण्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मुलांच्या मामीनं, गडहिंग्लजहून निघताना डब्यात शिळं मटण बांधून दिलं. ते खाऊन वाटेत आमची एक कुत्री मेली आणि धाकटा मुलगा मरता मरता वाचला. अशी ती गोष्ट.

ती मी रचलेली आहे. मटण त्या सकाळचं होतं. कुत्री मेली ती माझ्या गाडीनं, आणि ती गाडी मी निवडली होती.

ही गोष्ट ऐकताना मीही पुष्कळ वर्षं हसलो. माझी बायको जिवंत असताना तिच्यासमोर हसलो. तो हसणारा माणूस आठवला की आता तोंडाला आंबूस पाणी सुटतं. ते गिळायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा शिवाजी पेठेतला. लग्नानंतर राजारामपुरीत पंपांचं दुकान टाकलं आणि दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. बायको गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मोठी मुलगी, मग दोन मुलगे अशी तीन मुलं. आणि सासऱ्यांनी हौसेनं दिलेली कारवानी कुत्र्यांची जोडी, एक तपकिरी नर आणि एक पांढरी मादी. ही कुत्री सशामागं पळायला जन्मलेली. पाय लांब, पोट आत गेलेलं, चेहऱ्यावर कायम उपवासाचे भाव. ती बसली तरी दोन माणसांची जागा खायची.

पंचाहत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. आमच्याकडं स्कूटर होती. पुढं थोरला मुलगा उभा, मध्ये मुलगी, मागं बायको, तिच्या मांडीवर धाकटा आणि शेजारून दोन्ही कुत्री पळताहेत, अशी आमची वरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून निघाली की दुकानदार बाहेर येऊन बघायचे. गडहिंग्लजला जायचं म्हणजे एसटी. कंडक्टर एकदा म्हणाला, "पावणं, कुत्र्याचं तिकीट न्हाय आनि कुत्र्याला जागाबी न्हाय. तुमी बसा न्हाईतर त्यास्नी बसवा."

तेव्हा गाडी घ्यायची ठरली. धंदा बरा चालला होता.

बायकोला विचारलं, तर मेथी निवडता निवडता तिनं तीन गोष्टी सांगितल्या. मागचं दार पोरांना आतून उघडता येता कामा नये. कुत्री पोरांच्या अंगावर पडता कामा नयेत, त्यांना वेगळी जागा पाहिजे. आणि कुणी ओकलं तर बादलीभर पाणी मारून धुता आलं पाहिजे. "रंग कसलाबी असू दे," ती म्हणाली. ह्या तीन गोष्टींत चौथी घालावी असं मला आजवर काही सुचलेलं नाही.

तशी गाडी तिच्या भावानं शोधूनही काढली. तिकडच्या एका दवाखान्यानं आपली जुनी रुग्णवाहिका विकायला काढली होती. आम्ही बघायला गेलो. उंच, चौकोनी, पांढरी, लाल खुणा खरवडून काढलेली. आत दोन्ही बाजूंना बाकं, मागं एक मोठं दार, त्याला जाळीची खिडकी आणि बाहेरून कडी. मेहुण्यानं दार उघडल्याबरोबर दोन्ही कुत्री न सांगता आत उडी मारून बाकाखाली लांब झाली. पोरं आत उभ्यानं नाचली. बायको चढली, बाकावर बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "अहो, हिच्यात तर चूलबी मांडता ईल." मेहुण्याची बायको, आमच्या वहिनी, खाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघा दाजी, आमची ताई हिच्यातनं आता खाली उतरायची न्हाय. गाडीसकट न्या तिला."

मी सांगितलं, उद्या कळवतो.

कळवायच्या आधी मी पेठेत गेलो. आमच्या पेठेत कुणी सायकल घेतली तरी तालमीच्या कट्ट्यावर विचारून घ्यायची पद्धत. मी लहानपणी त्या तालमीच्या मातीत लोळलेला. कट्ट्यावरचे दोस्त म्हणजे माझं हायकोर्ट. त्यांतला एक ट्रकचा धंदा करायचा. गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. मी रुग्णवाहिकेचं नाव काढलं आणि तो पानाची पिंक टाकायची विसरला.

"मढ्याची गाडी?"

"दवाखान्याची," मी म्हणालो.

"तेच की. जाताना पेशंट, येताना मढं. मर्दा, नवी गाडी पयल्यांदा जोतिबाला न्यायची असती. ही न्हेलीस तर देव डोंगर उतरून पळंल."

दुसरा म्हणाला, "पोरास्नी शाळंत सोडायला गेलास तर मास्तर म्हंतील, कुणाला काय झालं?"

तिसरा म्हणाला, "हॉर्न वाजवू नगंस भावा. माणसं रस्ता सोडतील आनि टोप्या काढून हुबी ऱ्हातील."

कट्टा हसून लोळला. मीही हसलो. हसताना कानाच्या पाळ्या तापलेल्या आठवतात. त्या क्षणी गाडीचा निकाल लागला होता. घरी येऊन बायकोला मात्र मी अपशकुनाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मेलेलीच नेली न्हाईत की हो तिच्यातनं. बाळंतपणाला निघालेल्या बायकाबी नेल्यात. पोरं जल्माला आल्यात तिच्यात." मी म्हटलं, तुला कळत नाही. अपशकुनावर माझा स्वतःचा काडीइतका विश्वास नव्हता. चार रिकामटेकड्यांच्या हसण्याला मी देवाचं नाव दिलं.

मग कट्ट्यानं गाडी निवडली. एका इनामदाराची जुनी अँबॅसिडर होती. मलईच्या रंगाची, मागच्या काचेला झालरीचा पडदा, पुढं चकाकणारी जाळी. ट्रकवाल्यानं टायरला लाथ मारली. दार आपटून आवाज ऐकला आणि डोळे मिटून म्हणाला, "तिजोरीगत." मग तालमीतले चार पैलवान मागच्या सीटवर बसवले. गाडी खाली टेकली नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉर्न वाजवून बघितला. पडद्याची झालर हातात घेऊन बघितली. खाली वाकून मात्र कुणी बघितलं नाही. इंजिन थोडा काळा धूर टाकत होतं, तर ट्रकवाला म्हणाला, "घोड्यानं नाक फुरफुरलं तर घोडा वाईट म्हनत्यात व्हय?"

"आणि कुत्री?" मी विचारलं.

"डिकी हाय की! म्हस बसंल तीत."

गाडी जोतिबाला नेली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, दोस्तांनी टपावर, सीटवर, पडद्यावर मूठ मूठ गुलाल उधळला. पांढरी कुत्री आठवडाभर गुलाबी होती. सीटवरचा गुलाल तर कधीच गेला नाही. घाम लागला की तो कपड्यांना लागायचा आणि त्याला एक कुबट वास यायचा. त्या गाडीचा मला आठवणारा तो पहिला वास.

पहिल्या खेपेला कुत्री डिकीत कोंडली. कागल यायच्या आत ती आतून विव्हळायला लागली आणि पोरं बाहेरून रडायला लागली. संकेश्वरला डिकी उघडली तर दोघांच्या तोंडाला फेस. बायको एवढंच म्हणाली, "दवाखान्याच्या गाडीत जाळी हुती." मला राग आला. गाडी चुकली हे कबूल करण्यापेक्षा ती सुधारणं सोपं वाटलं. मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा एका कारखान्यात नेऊन मी कापून घेतला. डिकी आणि गाडी आतून एक झाली. सीटची पाठ निम्मी काढली, म्हणजे कुत्र्यांना माणसं दिसतील. तरी उकडायचं, म्हणून डिकीचं झाकण वीतभर उघडं ठेवून दोरीनं बांधायला लागलो. गाठ मी स्वतः मारायचो. कट्ट्यावर दाखवली. ट्रकवाला म्हणाला, "कुत्र्यास्नी एअर कंडिशन केलंस की लेका!" मी इतका खूश झालो की दोघांचा चहा मी दिला.

ज्यांनी गाड्या चालवल्या आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल मी काय करून ठेवलं होतं ते. मागचं झाकण उघडं ठेवून गाडी पळाली की मागचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. झाकण बंद असतं तर पत्रा कापलेला चालला असता. पत्रा असता तर झाकण उघडं चाललं असतं. मी दोन्ही केलं, आणि दोन्ही मुलांच्या आणि कुत्र्यांच्या सोयीसाठी केलं असं सगळ्यांना सांगत फिरलो.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. गडहिंग्लजची एक खेप ओकारीवाचून झाली नाही. थोरला निपाणीपर्यंत टिकायचा. धाकटा कागललाच हिरवा पडायचा. बायकोचं डोकं धरायचं. मुलगी तेवढी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसायची, ती ओकायची नाही. आणि मी तिला ओरडायचो, डोकं आत घे, ट्रक घासून जाईल. गाडीत आंबलेल्या दुधाचा, ओल्या कुत्र्यांचा, गुलालाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास बसला. मला त्या वासाची किळस यायची, आणि खरं सांगायचं तर माझ्याच मुलांची किळस यायची. ती सीट घाण करतात म्हणून. "नाजूक पोटाची औलाद," मी म्हणायचो. त्यांच्या तोंडात लिंबू कोंबायचो, मुठीत ओवा द्यायचो. इनामदाराच्या सीटवर ओकतात म्हणून एकदा धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. तो चार वर्षांचा होता.

बायको सांगायची, "अहो, धूर येतोय आत."

"पुढच्या ट्रकाचा आहे."

"पुढं ट्रक न्हाय."

"मग तुझ्या डोक्यात आहे."

तिच्या माहेरच्या गावची म्हाई होती, म्हणजे ग्रामदेवीची जत्रा. त्या दिवशी गावात घरोघरी मटण शिजतं आणि पै-पाहुण्यांना ओढून पंगतीला बसवतात. आमच्या वहिनींच्या रश्श्याचं त्या पंचक्रोशीत नाव होतं. दुसऱ्या घरचे पाहुणे आपलं ताट अर्धं टाकून त्यांच्या पंगतीला यायचे. त्या दिवशी दुपारी निघताना त्यांनी डबा दिला. मी ओट्यापाशी उभा होतो. परातीत मटण पसरून, पंख्यानं वारा घालून त्यांनी ते गार केलं आणि मगच डब्यात भरलं. म्हणाल्या, "ऊन ऊन बांदलं की उबतंय, दाजी. पोरं खानार हायेत." हे मी डोळ्यांनी बघितलं. हे वाक्य मी कानांनी ऐकलं. पुढचं वाचताना हे विसरू नका. मी विसरलो नव्हतो.

संकेश्वरच्या पुढं झाडाखाली थांबून सगळ्यांनी डब्यातलं खाल्लं. हाडकं कुत्र्यांना टाकली. उसाच्या गाड्यांचे दिवस होते, रस्ताभर धूळ. सीटवर धूळ बसते म्हणून मी हुकूम सोडला, काचा वर करा. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा ओरडलो. तिनं काच वर केली. माझी स्वतःची काच चार बोटं खाली होती, कारण मला गाडी चालवायची होती.

धाकटा सीटवरून मागं सरकून पांढरीच्या पोटाशी जाऊन झोपला. ते त्याचं नेहमीचंच. तवंदीचा घाट उसाच्या ट्रकामागून रांगत चढलो. माझे डोळे चुरचुरले, कपाळात ठोके पडायला लागले. मी नाक काचेच्या फटीला लावलं. मागं वळून मात्र बघितलं नाही. निपाणीच्या पुढं तपकिरी कुत्रा सीटवरून पुढं येऊन माझ्या खांद्यावर पंजे मारायला लागला. मी कोपरानं त्याला ढोसला. तो पुन्हा आला. पुन्हा ढोसला. पोरं गप्प होती, कुणी ओकत नव्हतं, म्हणून मला बरं वाटत होतं.

घराशी गाडी थांबवून मागचं दार उघडलं तर मुलगी बाहेर कोसळली आणि रस्त्यावर ओकली. थोरला धडपडत उतरला. बायकोचे पाय लटपटत होते. धाकट्याला मागून ओढून काढला. गाल लालबुंद, वाटावं गाढ झोपेत आहे. पण मान मागं पडत होती. पांढरीची जीभ बाहेर होती आणि तिच्यावर माशी बसली होती.

ट्रकवाला दोस्त नेमका दाराशी उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला नवरदेवासाठी गाडी मागायला आला होता. आम्ही दोघं पोराला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडं पळालो. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी पापणी वर केली, गालांकडं बघितलं, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि विचारलं, "गाडीत धूर येत होता का?"

मला माहीत होतं. त्या क्षणी मला माहीत नव्हतं, नंतर कळलं, अशी पळवाट मी स्वतःला कितीतरी वर्षं दिली. ती खोटी आहे. प्रश्न कानावर पडताच डिकी, दोरी, बायकोचं बोलणं, माझं फटीला लावलेलं नाक, सगळं एकदम दिसलं. आणि शेजारी ट्रकवाला उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. हो म्हटलं की उद्या कट्ट्यावर काय हशा होणार तेही दिसलं. पोरगं टेबलावर निपचित पडलेलं असताना मला कट्टा दिसला.

"नाही," मी म्हणालो. "गाडी एक नंबर आहे. मटण खाल्लंय डब्यातलं. वास येत होता त्याला."

वास गाडीत होता. मी तो उचलून वहिनींच्या डब्यात ठेवला.

डॉक्टरांनी मग पोराच्या नाकातून नळी घालून पोट धुतलं. शुद्धीवर येता येता तो त्या नळीला ओढत होता आणि मी त्याचे हात धरून ठेवले होते. बादलीत मामीचं मटण येत होतं, चांगलं, ताजं, लाल. डॉक्टरांच्या मनातली शंका पुरती गेली नसावी. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि पोराला खिडकीपाशी निजवलं. तो वाचला तो त्या खिडकीनं. मी सांगितलेल्या कारणावर डॉक्टर विसंबले असते तर तो मेला असता.

घरी येऊन बायकोला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, मटणच. ती म्हणाली, "वास येत हुता त्याला? मला न्हाय आला." मी म्हटलं, मला आला होता, पण तुझ्या माहेरचं म्हणून बोललो नाही. त्यावर तिनं पदर तोंडाला लावला. तिनं विश्वास ठेवला. धुराबद्दल मी तिला इतक्यांदा खोटं पाडूनही, पोराच्या जिवाबाबत मी खोटं बोलणार नाही असं तिला वाटलं.

सकाळी गाडी धुताना डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला बोटभर काजळी सापडली. पांढरीच्या अंथरुणालाही. मी ती फडक्यानं पुसली आणि फडकं चुलीत घातलं. दोरी सोडली. मागचा पत्रा पुन्हा जोडून घेतला, कुणी विचारलं तर गाडी खडखडते म्हणून. आणि त्यानंतर त्या गाडीत कुणीही कधी ओकलं नाही. तेव्हा मी काय म्हणालो असेन? "बघा, मामाकडचं जेवण बंद केलं आणि पोरांची पोटं सुधारली." हाच पुरावा झाला. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही गेली.

मेहुणा आणि वहिनी एसटीनं पोराला बघायला आले. शेजारपाजारचे होते, ट्रकवाला होता. वहिनी पोराजवळ बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दाजी, त्याच पातेल्यातलं आमीबी खाल्लं की वो."

"पातेल्यातलं बरं असेल," मी म्हणालो. "डब्यात उबलं."

"गार करून बांदलं हुतं. तुमी हुबा हुता की तिथं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वहिनी, पोरगं गेलं असतं तर काय करणार होता?"

असल्या प्रश्नाला आईबाप सोडून दुसऱ्या कुणाला उत्तर देता येत नाही, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

खेड्यात बाईच्या हाताचं नाव जायला एक जत्रा पुरते. पुढच्या म्हाईला त्यांच्या पंगतीची निम्मी पानं रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी चूल त्यांच्या जावेकडं गेली, आणि ह्या कांदे चिरायला बसल्या. पळी त्यांच्या हातात पुन्हा आली नाही. माझी बायको माहेरी जायची, पण भावजयीच्या हातचं जेवत नसे, काहीतरी उपवास काढायची. ती गेली तेव्हाही दोघींत ते मिटलेलं नव्हतं. ती दवाखान्याची गाडी मेहुण्यानंच घेतली होती. तिच्यातून दुधाच्या किटल्या गेल्या, त्यांची पोरं शाळेला गेली, कुत्री गेली. पुष्कळ वर्षं चालली.

गेल्या वर्षी धाकट्यानं, त्याच पोरानं, गाडी घ्यायची काढली. त्याला दोन मुलं आणि एक ढोल्या कुत्रा आहे. मोबाइलवर गाड्या दाखवत तो मला विचारत होता, "बाबा, कुत्र्याला मागं जाळी लावून घेऊ का? काय म्हणता?" मग हसून म्हणाला, "तुमच्या वेळी गाडीची काळजी नव्हती, मामीच्या मटणाची होती." मी हातातलं बिस्किट ताटलीत परत ठेवलं. मी म्हटलं, मला गडहिंग्लजला ने.

वाटेत त्याला सांगितलं. त्यानं तवंदीच्या घाटात गाडी कडेला घेतली, उतरला, मागं जाऊन डिकीचं झाकण दाबून बघितलं. मग येऊन चारही काचा खाली केल्या आणि गाडी पुढं काढली.

वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वाकलेल्या, पण नजर तीच. मी खाली बसून सगळं सांगितलं, दोरीपासून काजळीपर्यंत. त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं सांगून?"

"झालं."

"हे मला कशापायी सांगतासा? मला ठावं न्हाय व्हय मी काय रांदलं हुतं ते? ज्यास्नी सांगायचं त्यास्नी सांगा की. म्हाईला या. पंगत बसली की सांगा."

सुनेनं चहा आणला. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही करून दिला असता तर..."

"माज्या हाताची सवय मोडली, दाजी," त्या म्हणाल्या. "घ्या, निवतोय."

म्हाईला गेलो. पंगत बसली, पानं वाढली, आणि मी उभा राहून सांगितलं. काही माणसं माझ्याकडं बघत होती, काही पानाकडं. तरण्या पोरांना आधी विनोद वाटला. एक म्हातारा माझ्याकडं न बघता म्हणाला, "आनि आमी इतकी वर्सं जावंच्या हातचं आळणी खाल्लं." दुसऱ्यानं, "वाढा आता, रस्सा गार व्हायलाय," म्हणून विषय संपवला. तालमीतल्या दोस्तांतलं कुणी उरलेलं नाही. राजारामपुरीतले शेजारी पांगले. जे त्या पंगतीत नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. धाकट्यानं आपलं पान पुढं सरकवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मामी, मला तू वाढ."

त्यांनी जावेकडं बघितलं. जावेनं पळी दिली. वहिनी वाकून त्याला वाढायला लागल्या. रस्सा पानाबाहेर सांडला. "पुरं, मामी," तो म्हणाला. "गप, खा," म्हणून त्यांनी आणखी एक पळी घातली. मग त्या रांगेनं वाढत आल्या. त्याच्या मुलांना वाढलं, त्या म्हाताऱ्याला वाढलं, माझ्या शेजारच्याला वाढलं. माझ्या पानाशी आल्या. पळी भरलेली होती. ती त्यांनी खाली केली नाही. पुढच्याला वाढून त्या तशाच पुढं गेल्या.

मी भाकरी कोरडी खाल्ली.